बोलकी गाडी

३ नोव्हेंबर, सोमवार

ही डायरी गेल्या सालची आहे. विमा एजंटने बाबांना दिली होती, ती कपाटात कोरीच पडली होती. छापलेले वार सगळे चुकीचे, ते खोडून वर खरे वार लिहायचे. चालेल. माझं तरी कधी काय वेळेवर होतं.

मुद्द्याचं आधी लिहिते, नाहीतर राहून जाईल. मला या घरातून जायचं आहे. याआधी दोनदा गेले होते. दोन्ही वेळा बस स्टँडपर्यंत पोचले आणि दोन्ही वेळा जेवायच्या आत परत आले. पहिल्यांदा स्टँडवर एक बाई टोपलीत मांजरं घेऊन बसली होती. त्यातलं एक सुटलं, ते बाकाखाली शोधता शोधता बस निघून गेली. करड्या रंगाचं होतं, एक कान फाटलेला. शेवटी ते कंट्रोलरच्या खुर्चीखाली सापडलं. दुसऱ्यांदा काही कारण नव्हतं. बस उभी होती, दार उघडं होतं. त्याबद्दल नंतर लिहीन.

आता मात्र पक्कं आहे. मामीचा ट्रक. मामी म्हणजे माझी मामी नव्हे, अख्ख्या जगाची. लोकांची बिऱ्हाडं एका गावातून दुसऱ्या गावात हलवायचा तिचा धंदा. शेजारचे लोक घर सोडून गेले तेव्हा मी मदत म्हणून त्यांच्या कपाटाचा एक कोपरा धरला आणि कपाटाबरोबर ट्रकमध्ये चढले, ती थेट त्यांच्या नव्या घराच्या वरच्या मजल्यापर्यंत. मामी तिथे दम खात म्हणाली, "हात बरे आहेत तुझे. डोकं आहे का ते बघू. अठरा पूर्ण झाली, लायसन मिळालं, की ये. छोटा टेम्पो देईन. पण आठवडे आठवडे घर दिसत नाही हं, आधीच सांगते."

मला तर तेच हवं होतं.

अठरा याच महिन्यात पूर्ण होतील. आणि लायसनचं म्हणाल तर माझ्या बापाचंच ड्रायव्हिंग स्कूल आहे. म्हणजे सगळं सोपं असायला हवं ना? पुढे वाचा. (कोण वाचणार आहे म्हणा.)

५ नोव्हेंबर, बुधवार

आमच्या गाडीत दोन ब्रेक आणि दोन क्लच आहेत. एक जोडी शिकणाऱ्याच्या पायाखाली, दुसरी शेजारी बसलेल्या बाबांच्या. ते सगळ्याच स्कूलच्या गाड्यांत असतं. आमच्याकडची खास गोष्ट म्हणजे बोलणं. शिकणाऱ्याने जे दिसेल ते मोठ्याने बोलायचं. 'डावीकडे सायकल. उजवीकडे उभी गाडी, दार उघडतंय. समोर कुत्रं, विचार करतंय.' बाबांचं म्हणणं, तोंडाने बोललात की डोळ्यांना बघावंच लागतं. गावात सगळे आमच्या गाडीला बोलकी गाडी म्हणतात.

निघताना तर हे फार कडक असतं. दोन्हीकडे बघायचं, सगळं बोलायचं आणि शेवटी म्हणायचं, 'रस्ता मोकळा.' मग बाबा म्हणणार, 'घे.' ते 'घे' म्हणेपर्यंत क्लच सोडायचा नाही. लहानपणी मला वाटायचं की 'घे' हा गाडीचाच एक आवाज आहे, हॉर्नसारखा.

पूर्वी हे बोलणं पहिल्या काही दिवसांपुरतं असायचं. मग बाबा सांगायचे, आता मनातल्या मनात बोला. हल्ली शेवटच्या दिवसापर्यंत बोलायला लावतात. आणि उन्हाळ्यापासून मलाही मागच्या सीटवर बसवतात. समोरचं शिकणाऱ्याने बोलायचं, दोन्ही कडांचं मी. का, तर शिकणाऱ्यावर ताण नको! माझ्या घशाचं काही नाही. आज चष्मेवाल्याकाकांना घेऊन गेलो होतो. चौकात चष्म्यांचं दुकान आहे ते काका. चाळिशी उलटल्यावर त्यांना गाडी शिकायची हौस आली. मी 'डावीकडे हातगाडी' म्हटलं की ते दचकून उजवीकडे बघतात.

"भिंगरी, जरा लवकर बोल," बाबा म्हणाले. भिंगरी म्हणजे मी. एका जागी ठरत नाही म्हणून.

"हातगाडी केवढी मोठी होती, तुम्हाला दिसली नाही का?"

"मला दिसण्याचा प्रश्न नाही. तू बोलण्याचा आहे."

असं बोलणं. मला ट्रकात बसायचंय, आणि हे मला या मागच्या सीटला शिवून टाकणार आहेत.

९ नोव्हेंबर, रविवार

मी क्लास सोडला हे बाबांना आज कळलं. (क्लास म्हणजे टायपिंगचा. त्याआधीचा शिवणाचा होता, तो सोडल्याचं त्यांना आधीच माहीत होतं.) आवाज चढवला नाही त्यांनी. नुसते "बरं" म्हणाले, उठले आणि वाटेतल्या स्टुलाला अशी लाथ मारली की ते दारापर्यंत घरंगळत गेलं. वर "कोणी ठेवलं हे इथे?" मग पाणी प्यायला हात लांब केला, तर पेलाच उडवला.

इतका राग? एका टायपिंगच्या क्लासवरून?

आईने स्टूल उचललं आणि भिंतीला लावून ठेवलं. तिचं हल्ली हेच चाललंय. खुर्च्या भिंतीला, टेबल भिंतीला, माझ्या चपलासुद्धा भिंतीला. घर नाचायच्या हॉलसारखं झालंय. विचारलं तर म्हणते, "केर काढायला बरं पडतं." बाबांच्या जेवणाचं ताटही बरोबर त्यांच्या नाकासमोर ठेवते, वाटी ताटाच्या आत. ते रागावलेले असले की ही लाड करते. यांच्या संसारात मला न्याय मिळणं शक्य नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

चष्मेवाल्याकाकांनी शिकणं सोडलं. चांगलं गियर टाकायला लागले होते. आज गाडीतून उतरल्यावर बाबांकडे नुसते बघत उभे राहिले. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाबांना एकदा दुकानात पाठव."

"त्यांना चष्मा आहे, काका. मागच्याच वर्षी केला."

"आहे ना. तरी पाठव."

म्हणजे शिकवणीच्या बदल्यात गिऱ्हाईक पटवायचं! मी बाबांना सांगितलंच नाही. बाबा पेपरातली बारीक अक्षरंसुद्धा चष्म्याने धडाधड वाचतात. मला कानावर पेन ठेवायची सवय आहे, त्याची शाई कानाखाली लागते, तीसुद्धा त्यांना खोलीच्या त्या टोकाहून दिसते.

परवा अठरा पूर्ण होतायत.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आज विषय काढला. मामीचं सगळं सांगितलं. टेम्पो, गावं, राहायची सोय. मामीकडच्या दोघी बायकांबरोबर राहणार हेही सांगितलं, म्हणजे तो प्रश्न येणार नाही. आई भांडी पुसत होती, ती पुसतच राहिली.

बाबा म्हणाले, "आत्ता नाही."

"मग कधी?"

"सांगेन."

"परीक्षेचा तरी अर्ज भरू ना? लायसन तर लागेलच मला."

"भर. अर्जाला कोण नाही म्हणतंय? पण जायचं आत्ता नाही."

"कारण सांगा ना बाबा! मी लहान आहे का? की मला जमणार नाही असं वाटतं तुम्हाला?"

ते माझ्याकडे बघत होते. त्यांचं बघणंही हल्ली विचित्र झालंय, सगळी मान वळवून बघतात. पूर्वी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघायचे आणि मी दार किती गुपचूप उघडलं तरी पकडायचे. आता घुबडासारखी मान फिरवतात. मला त्या नजरेचा फार राग येतो. संशय घेतल्यासारखी नजर.

"तू गेलीस तर मागे कोण बसेल?" एवढंच म्हणाले.

मागे कोण बसेल! म्हणजे मी कोण, गाडीचा स्पेअर पार्ट?

ठरवलं. मागे बसायला सांगतायत ना, बसेन. पण बोलणार नाही. बघू, किती गरज आहे माझी.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आज अक्षर असंच येणार.

आज शिंपीणकाकूंचा नंबर होता. त्या आमच्या गल्लीच्या टोकाला शिवणकाम करतात, मुलीकडे स्वतः गाडी चालवत जायचं म्हणून शिकतायत. मी मागे बसले आणि तोंड मिटलं. बाबांनी एकदा विचारलं, "भिंगरी?" मी खिडकीबाहेर बघितलं. दुसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही. शिंपीणकाकू एकट्या समोरचं बोलत होत्या. गिरणीच्या भिंतीपाशी वळण आलं. डावीकडच्या बोळातून शाळेतली एक मुलगी सायकलवरून येताना मला दिसली. मला दिसली. मी मनात म्हटलं, बाबांना दिसलीच असेल. बाबांच्या पायाबद्दल सगळं गाव म्हणतं की त्यांच्या पायाला डोळे आहेत, तुम्हाला दिसायच्या आधी ब्रेक लागलेला असतो.

ब्रेक लागला नाही.

मुलीने सायकल टाकून उडी मारली म्हणून वाचली. कोपर खरचटलं. गाडीचं चाक सायकलवरून गेलं. शिंपीणकाकू स्टीअरिंग धरून रडायला लागल्या. बाबा उतरले, गाडीला हात लावत लावत पुढे गेले आणि त्या मुलीसमोर खाली बसले.

"बाळा, कुठून आलीस तू?"

"डावीकडून, काका. मी घंटी वाजवली होती."

"डावीकडून," बाबा म्हणाले. मग सगळी मान वळवून त्यांनी बोळाकडे बघितलं.

घरी आल्यावर सरळ खोलीत गेले. मी बोलले असते तर काय झालं असतं हे मला माहीत आहे. पण त्यांनी ब्रेक का दाबला नाही? माझ्यावर इतके चिडले होते की रस्त्यावर लक्षच नव्हतं?

१ डिसेंबर, सोमवार

स्कूल बंद आहे. आईने दाराला पाटी लावली आहे. बाबा खोलीत असतात. सायकल दुरुस्त होण्यासारखी नव्हती, आईने त्या मुलीला नवी नेऊन दिली.

घरात बसवेना, म्हणून हिंडत हिंडत चौकात गेले. चष्मेवाल्याकाकांचं दुकान रिकामं होतं. आरशात फ्रेमा लावून बघत बसले. एका गोल फ्रेमेत मी अगदी बेडकासारखी दिसते. काकांनी मला दोन-चार फ्रेमा लावू दिल्या, मग म्हणाले, "ऐकलं मी. पाठवलं नाहीस ना बाबांना?"

"काका, त्यांना दिसतं सगळं."

"बस इथे. माझ्या नाकाकडे बघ. नाक सोडायचं नाही. बोट दिसलं की सांग."

त्यांनी हात लांब, कानाच्याही मागे नेला आणि बोट हलवलं. "दिसलं," मी म्हटलं. मग त्यांनी कागदाच्या दोन नळ्या केल्या आणि माझ्या डोळ्यांना धरायला दिल्या. समोरची पाटी स्वच्छ दिसत होती. बाकी सगळं गेलं. दुकान गेलं, काका गेले, त्यांचा आवाज कुठून येतोय कळेना.

"मी डॉक्टर नाही आणि ते माझे पेशंट नाहीत," काका म्हणाले, "म्हणून बोलतोय. महिनाभर त्यांच्या शेजारी बसलो मी. जा, घरापर्यंत अशी चालत जा."

मी गेले. पहिल्यांदा खांबाला खांदा लागला. मग कोणीतरी ओरडलं. मग आमच्या घराची पायरी चढले, दारातून आत आले, आणि नळ्यांतून बघत सरळ चालत गेले. पायात काही आलं नाही. खुर्च्या भिंतीला होत्या. स्टूल भिंतीला होतं. आई दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती.

मी नळ्या खाली घेतल्या. तिला काही विचारावं लागलं नाही. तीच म्हणाली, "केर काढायला बरं पडतं," आणि तोंडाला पदर लावला.

६ डिसेंबर, शनिवार

बाबांशी बोलले. म्हणजे तेच बोलले.

"समोरचं अजून सगळं दिसतं गं. कडा गेल्यात. डॉक्टर म्हणतात गेलेलं परत येत नाही, राहिलंय ते थेंब घालून टिकवायचं. उन्हाळ्यात जिन्यावरून पडलो तेव्हा दाखवायला गेलो."

"मग सांगायचं ना!"

"सांगितलं असतं तर स्कूल बंद करावं लागलं असतं. म्हटलं, एवढं वर्ष काढू. तू मागे बसायचीस, चालून जात होतं." मग स्वतःच मान हलवली. "चालून जात नव्हतं. लोकांची पोरं रस्त्यावर होती, आणि मी तुझ्या बोलण्यावर गाडी चालवत होतो. आणि तुला ते सांगितलंही नव्हतं. तू त्या दिवशी गप्प बसलीस तो तुझा गुन्हा नाही. ऐकतेयस का? तो माझा आहे."

मी ऐकत होते. पण मला ती मुलगी दिसली होती, हे कोणीच खोडू शकत नाही.

मग मी माझा निर्णय सांगितला. बाबा, मी कुठे जात नाही. मी इथेच राहणार. तुमच्या डावीकडे मी, उजवीकडे पण मीच. लायसन घेईन, ते तुम्हाला डॉक्टरकडे नेण्यापुरतं. उभं राहून सांगितलं. माझा आवाज चांगला लागला होता. आई माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली.

मामीला फोन केला. "बरं," ती म्हणाली. "बापाचं बघ. पण मी कोणासाठी जागा धरून ठेवत नाही हं."

एवढा मोठा त्याग केल्यावर माणसाला झोप लागू नये असं मला वाटत होतं. विचित्र म्हणजे बऱ्याच दिवसांनी इतकी गाढ झोप लागली.

१२ डिसेंबर, शुक्रवार

नापास.

काय झालं ते लिहिते. लाज वाटते, पण लिहिते. परीक्षेच्या मैदानावर तपासणीस माझ्या शेजारी बसले. जाडजूड, मिशा ओल्या, नुकताच चहा प्यालेले. मी आरसे बघितले आणि सुरू केलं. "डावीकडे शिपाई, तंबाखू मळतोय. उजवीकडे दोन उमेदवार. मागे भिंत. रस्ता मोकळा."

आणि थांबले.

तेही थांबले.

इंजिन घुर्रघुर्र करतंय. मी समोर बघतेय. ते माझ्याकडे बघतायत.

"काय झालं?"

"रस्ता मोकळा," मी पुन्हा म्हटलं.

"मला दिसतंय तो मोकळा! मग?"

मी क्लच सोडूच शकले नाही. पाय उचलेना. शेवटी म्हटलं, "तुम्ही 'घे' म्हणा ना."

"मी काय म्हणू?"

"घे."

"कोणाला? काय घे? पोरी, परीक्षा तुझी चाललीय की माझी?"

बाहेरचा शिपाई हसून हसून खाली बसला. मला खाली उतरवलं. बोलक्या गाडीच्या मालकाची मुलगी गाडी जागेवरून न हलवता नापास झाली, असं संध्याकाळपर्यंत गावभर झालं. घरी सांगताना मीही इतकी हसले की बाबांनाही हसू आलं. अपघातानंतर पहिल्यांदा. मी दोनदा वाढून घेऊन जेवले. जाऊ दे, लायसनची आता घाई तरी कुठे आहे.

१७ डिसेंबर, बुधवार

आईने आज मला गच्चीवर कपडे वाळत घालायला बोलावलं. आमच्याकडे भांडणं गच्चीवर होतात, खाली आवाज जात नाही.

"नापास झालीस तेव्हा तोंड बघितलं मी तुझं," ती म्हणाली. "सुटल्यासारखं झालं होतं."

"काहीही काय!"

"दुसऱ्यांदा पळून गेलीस तेव्हा स्टँडवरून परत का आलीस?"

मी चादर झटकली.

"मी होते तिथे," आई म्हणाली. "तुझ्या मागे मागे आले होते. तिकिटाच्या खिडकीआड उभी होते. तू बसच्या पायरीवर पाय ठेवलास. काढलास. परत ठेवलास. कंडक्टर म्हणाला, ताई, चढा नाहीतर उतरा. तू उतरलीस."

इतके दिवस हिने मला सांगितलं नाही. तेव्हा मी घरी आले तर ही भाजी चिरत बसली होती, आधीपासून बसल्यासारखी!

"मग अडवलं का नाहीस मला?"

"अडवायला नव्हते आले. चढलीस तर हात करावा म्हणून आले होते."

मी चिमटे मोजत उभी राहिले.

"हे बघ, राहायचं असेल तर राहा. घर तुझंच आहे, कोणी हाकलत नाही. पण भीती वाटते म्हणून राहतेय असं म्हण. बाबांचे डोळे मधे घालू नकोस. ते मनाला लावून घेतील आणि जन्मभर तुझं देणं लागतो अशा तोंडाने बसतील. मला त्या माणसाबरोबर राहायचंय अजून."

"मग तुमचं बघणार कोण? स्कूलचं काय?"

"माझं लायसन तुझ्या बापाच्या आधीचं आहे, बाई. त्यांना पहिल्यांदा गाडी शिकवली कोणी, विचार त्यांना. शिकवायच्या परवान्याचा अर्ज केलाय मी. ते खोलीत नियम शिकवतील, मी गाडीत बसेन."

मी खाली येऊन बाबांना विचारलं. बाबा लाजले. "'घे' हा शब्द तिचाच आहे," म्हणाले.

मला भीती वाटते. लिहून बघितलं. मला इथून जायची फार भीती वाटते, आणि इथे राहायचीही. हे लिहिल्यावर काही कोसळलं नाही.

२५ डिसेंबर, गुरुवार

रोज सराव. आई शेजारी, बाबा मागे माझ्या जागेवर. मी बोलते, "रस्ता मोकळा" म्हणते, आणि दोघंही गप्प.

"म्हणा ना कोणीतरी."

"नाही म्हणणार," बाबा मागून. "तुझी तू घे."

पहिल्या दिवशी गाडी इतक्या वेळा बंद पडली की शिंपीणकाकू ढकलायला आल्या. आज वळणासकट सगळं जमलं. गिरणीच्या भिंतीपाशी मी गाडी पार थांबवली आणि काच खाली करून बोळात बघितलं. कोणी नव्हतं. तरी थोडा वेळ थांबले. मागून हॉर्न वाजत होते. आई-बाबांपैकी कोणी 'चल' म्हटलं नाही.

२ जानेवारी, शुक्रवार

पास. तेच तपासणीस. गाडीत बसताना म्हणाले, "मी काही म्हणायचं आहे का आज?" मी म्हटलं, "नको." मनातल्या मनात बोलले सगळं. शिपाई आजही तंबाखूच मळत होता.

मामीला फोन केला. जागा भरली असणार, असं धरूनच केला. खरं तर भरलेली असावी असंही थोडं वाटत होतं. मामी म्हणाली, "आठ तारखेला सकाळी गल्लीत येते. चढलीस तर चढलीस."

हिला कोणी सांगितलं पायरीचं? आईनेच.

८ जानेवारी, गुरुवार

हे टेम्पोत बसून लिहितेय. दुपार झाली आहे. मामी झाडाखाली डबा खातेय आणि मागे कोणाचं तरी अख्खं घर दोऱ्यांनी बांधलेलं आहे. शिवणयंत्र, गाद्या, एक पिंजरा, पक्षी नसलेला.

सकाळचं लिहायचं आहे, दुसरीकडे वाहवत जायच्या आधी.

मामीने टेम्पो आमच्या दारासमोर लावला आणि उतरून शेजारच्या सीटवर जाऊन बसली. "चालव," म्हणाली. आईने माझी पिशवी मागे टाकली. ती स्टँडवर करणार होती तसा हात करायला पायरीवर उभी राहिली. बाबा भिंतीला धरून चालत माझ्या खिडकीपाशी आले. त्यांचा तळहात दारावर होता.

मी चढून बसले होते. चावी फिरवली होती. आरसे बघितले, डावा, उजवा. डावीकडे दूधवाला वळून गेला. उजवीकडे शिंपीणकाकू दारात, डोळे पुसत. रस्ता मोकळा होता. मला दिसत होता मोकळा. परीक्षेत जमलं होतं, सरावात जमलं होतं. पाय हलेना.

"काय गं?" मामी म्हणाली.

मी बाबांकडे बघितलं. 'म्हणा' असं मी म्हटलं नाही. नाही म्हणणार हे माहीत होतं.

बाबांनी मान वळवली नाही. सरळ माझ्याकडे बघत होते.

"डावीकडे मला काही दिसत नाही," ते म्हणाले, मोठ्याने, गाडीत बोलायचे तसे. "उजवीकडेही दिसत नाही. समोर आमची भिंगरी. कानाखाली शाई लागलीय. घाबरलीय."

आई पायरीवरून म्हणाली, "अहो, पुरे."

"बोलू दे. आजवर सगळ्यांना बोलायला लावलं, मी कधी बोललो?" त्यांनी दारावरचा हात काढला आणि एक पाऊल मागे झाले. मागे काही नाही ना, हे आईने बघितलं. "कडेचं तू बघितलंस का नीट?"

"बघितलं, बाबा."

"मग म्हण."

"रस्ता मोकळा."

"घे," बाबा म्हणाले.

मी घेतली.